पाच आठवडे झाले, तरी ‘काहीच फरक नाही’ म्हणतात

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात, त्यांच्याच शब्दांत:

“मिस्टर ४१ वर्षांचे, अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहेत. दिवाळीनंतर हळूहळू गप्प होत गेले. पहाटे साडेतीनला उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसतात. दोनदा घाटकोपरला उतरून मेट्रोकडे न जाता तसेच घरी परत आले. आता तीन आठवडे रजेवर आहेत. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, एस्सिटालोप्राम १० आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम दिली. पाच आठवडे झाले. ते म्हणतात काहीच फरक नाही, बंद करतो. सासूबाई म्हणतात सवय लागेल, सोडून दे. आम्हाला कशाची कमी नाही, कर्ज नाही, भांडण नाही, मग हे झालं का? आणि मी त्यांच्याशी बोलू तरी काय? मला आपलं वाटतं की हल्ली रात्री दोन पोळ्या खातात, आधी अर्धीसुद्धा जात नव्हती. पण ते माझ्या मनाचे खेळही असतील.”

ताई, ही शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. तिच्याकडे येतेच.

आधी एक स्पष्ट करते. गेली चोवीस वर्षं मी मुंबईत मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. सुरुवातीला महापालिकेच्या रुग्णालयात, नंतर दादरला स्वतःच्या दवाखान्यात. पण तुमच्या मिस्टरांना मी तपासलेलं नाही. गोळी वाढवा, बदला, थांबवा, यातलं काहीही मी इथून सांगणार नाही. तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. या आजाराची चाल कशी असते आणि पाचव्या आठवड्यात घराघरात काय चाललेलं असतं, ते मात्र सांगू शकते.

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसते. फरक पडलाय की नाही, हे ठरवायचं कोणी? ज्याला आजार झालाय त्याने, की जो शेजारी बसून बघतोय त्याने?

ताप आला तर थर्मामीटर लावता येतो. डिप्रेशनमध्ये मोजणारं मनच आजारी असतं. तुमचे मिस्टर हट्ट करत नाहीत, तुमच्या धडपडीची त्यांना किंमत नाही असंही नाही. त्यांना खरोखरच फरक दिसत नाही. मन खालावलेलं असलं की वाईट आठवणी आपसूक वर येतात आणि बऱ्या आठवणी हाताला लागत नाहीत. काल तासभर जास्त झोप लागली, हे सकाळपर्यंत त्यांच्या खिजगणतीतही उरत नाही.

आता ‘काही कमी नाही, मग का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घर मला विचारतं, आणि त्याच्या पोटात एक शंका असते: हे काहीतरी लपवताहेत, किंवा मनाने कच्चे आहेत. ती शंका आज काढून टाका. दुःखाला कारण लागतं; डिप्रेशनला दर वेळी लागतंच असं नाही. कधी ते नोकरी गेल्यावर येतं, कधी बाळंतपणानंतर, आणि कधी सगळं सुरळीत चाललेलं असताना. आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक तृतीयांश. त्यात वर्षानुवर्षांचा ताण, लहानपणचे आघात, दारू, झोपेची आबाळ, थायरॉइडसारखे आजार यांची भर पडते. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं’ असं सोपं करून आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलो. मीही सांगितलंय. आता सांगत नाही, कारण गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. गोळ्या सेरोटोनिनवर काम करतात आणि त्यांचा अनेकांना उपयोग होतो, हे खरं. पण म्हणून आजार म्हणजे एका रसायनाची टंचाई, असं होत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन होऊन गेल्याचं दिसलं, आणि त्या वेळी आजारी असलेल्यांपैकी बहुसंख्यांवर कसलेच उपचार चालू नव्हते. तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांतही कोणीतरी हे भोगतंय. तुम्हाला ते माहीत नाही, जसं त्यांना तुमचं माहीत नाही.

पहाटे साडेतीनबद्दल एक सांगायचंय. नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी जाग येणं आणि सकाळ सर्वांत जड जाणं, ही या आजाराची अगदी ओळखीची खूण आहे. संध्याकाळी तोच माणूस थोडा मोकळा होतो, मुलांशी दोन शब्द बोलतो. मग घरचे म्हणतात, ‘संध्याकाळी बरा असतोस की, सकाळीच काय होतं तुला?’ ते नाटक नसतं. दिवसाच्या चढउताराचा हा नमुना आम्ही तपासताना मुद्दाम विचारतो. बाकी निदानाचं म्हणाल तर उदासी किंवा कशातच रस न वाटणं, यातलं निदान एक हवं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ होणं, मरणाचे विचार. या नवांपैकी पाच गोष्टी दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज आणि कामावर परिणाम होईल इतक्या असल्या, की आम्ही त्याला डिप्रेशन म्हणतो. आपल्याकडे मात्र फार कमी लोक ‘मी उदास आहे’ असं म्हणत येतात. ‘अंग जड झालंय’, ‘डोकं भरून आल्यासारखं वाटतं’, ‘करमत नाही’, ‘नको वाटतं सगळं’, अशी सुरुवात होते, आणि त्याआधी दोन ईसीजी आणि एक एन्डोस्कोपी होऊन गेलेली असते.

पाच आठवड्यांचं काय? एस्सिटालोप्रामच्या गटातल्या, म्हणजे डिप्रेशनवरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम सहा ते आठ आठवड्यांत कळतो. मळमळ, डोकेदुखी, सुरुवातीची बेचैनी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात हजर होतात. त्रास आधी आणि फायदा नंतर, म्हणून ‘नुसतं नुकसानच होतंय’ असं वाटणं साहजिक आहे. १० मिलिग्रॅम ही या औषधाची नेहमीची मात्रा. प्रौढांमध्ये ती २० पर्यंत नेता येते. आणि समजा हे औषध नाहीच चाललं, तरी उपचार फसले असं नाही. पहिल्याच औषधावर पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक असतात. बाकीच्यांना मात्रा वाढवावी लागते, औषध बदलावं लागतं किंवा जोड द्यावी लागते. हे पहिल्या दिवशीच सांगितलं तर लोक टिकतात, असा माझा अनुभव आहे. सांगितलं नाही, तर पाचव्या आठवड्यात गोळ्या कपाटात जातात.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या डॉक्टरांशी पुढच्या भेटीत नक्की बोला. गोळी रोज जाते का, की आठवड्यात दोन-तीनदा राहते? थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय का? संध्याकाळी ‘थोडीशी’ घेणं चालू आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं: पूर्वी कधी चार-आठ दिवस असे गेले का, की झोप जेमतेम तीन तास, तरी प्रचंड उत्साह, बडबड, वारेमाप खर्च, मोठमोठे बेत? तसं असेल तर आजार वेगळा, बायपोलर, आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते. रुग्णाला तो काळ आजार वाटतच नाही, म्हणून तो सांगत नाही. बायकोला किंवा आईला तो बरोबर आठवतो.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. या गोळ्यांनी लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होऊ शकते. पुरुष हे बायकोलाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही. ‘फरक नाही’ म्हणतात आणि गोळी सोडून देतात. त्यावर उपाय असतात. तुम्हीच विषय काढलात तर त्यांचा जीव भांड्यात पडेल.

आता तुमच्या पोळ्यांकडे येते.

डिप्रेशन उतरतं तेव्हा सगळं एकदम उतरत नाही. बहुतेकांत झोप आणि भूक आधी सुधारतात. मग अंगात थोडी ताकद येते. उदासी त्यानंतर हलते. आणि आनंद, आत्मविश्वास, ‘मला पुन्हा जमेल’ ही भावना सगळ्यात शेवटी येते. क्रम थोडा मागेपुढे होतो, पण बाहेरच्यांना फरक आधी दिसतो आणि आतल्याला नंतर, हे मी इतक्यांदा पाहिलंय की पहिल्याच भेटीत घरच्यांना एक काम देते. भिंतीवर कालनिर्णय असतंच. दुधाचा हिशेब जिथे लिहिता, त्याच चौकोनात रोज चार शब्द लिहायचे. मत नाही, नुसतं घडलं ते. ‘आज बरे होते’ असं नको. ‘आंघोळ दहाला, स्वतःहून’ असं हवं.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बेस्टमधले एक कंडक्टर होते, पन्नाशीचे. सहाव्या आठवड्यात समोर बसून म्हणाले, “मॅडम, काही उपयोग नाही. मी होतो तिथेच आहे.” त्यांच्या बायकोने पिशवीतून रबरबँड लावलेली कॅलेंडरची दोन पानं काढली आणि टेबलावर पसरली. पहिल्या पानावर सगळीकडे ‘झोपून’, ‘जेवले नाहीत’, ‘झोपून’. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात: ४ तारखेला ‘दाढी’. ९ ला ‘पाणी भरलं’. ११ ला पुन्हा ‘झोपून’. १२ लाही तेच. १५ ला ‘चहा परत मागितला’. त्यांनी १५ तारखेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. मग बायकोकडे बघून विचारलं, “चहा मी मागितला होता?” त्या म्हणाल्या, “आलं घालून.” त्या दिवशी ते गोळ्या बंद करायचं बोलले नाहीत. मात्रा वाढवली, आणि पुढे चार महिन्यांनी ड्युटीवर गेले. मधल्या काळात वाईट आठवडेही आले, तेही त्या चौकोनांत आहेत.

ही औषधं सापडली तीही अशीच, बाजूला उभ्या असलेल्यांच्या नजरेमुळे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड हे क्षयाचं नवं औषध देत होते, आणि खाटेला खिळलेले रुग्ण हसूबोलू लागले, नाचू लागले, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं. पुढे तेच औषध डिप्रेशनसाठी वापरलं गेलं.

म्हणून ताई, अर्ध्या पोळीवरून दोन पोळ्या हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. पाचव्या आठवड्यात मी जे शोधत असते, ते हेच असतं. एक खबरदारी मात्र: काही रुग्णांत आजारानेच भूक वाढते, काहींत औषधाने. म्हणून नुसतं खाणं नको, झोप, आंघोळ, बोलणं हेही टिपा.

याच टप्प्यातली एक गोष्ट गांभीर्याने घ्या. अंगात ताकद आलेली असते, पण निराशा अजून हटलेली नसते. मरणाचे विचार असतील तर हे दिवस सांभाळायचे असतात. तुम्ही याबद्दल काही लिहिलं नाहीत, कदाचित भीतीने विचारलंही नसेल. विचारल्याने डोक्यात नवा विचार शिरत नाही. उलट बहुतेकांना ओझं उतरल्यासारखं होतं. साध्या शब्दांत विचारा: “कधी असं वाटतं का, की आपण नसलेलं बरं?” उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, मुलांचा हवाला देऊ नका. ‘किती दिवसांपासून?’ असं विचारा आणि ऐका. ‘काही ठरवलंय का?’ हेही विचारा. ठरवलं असेल तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ते भेटले नाहीत तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. घरातल्या सगळ्यांच्या औषधांचा डबा तसाही तुमच्या ताब्यात ठेवा, रोजची गोळी हातात द्या. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत चालू असते, मराठीतही बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा नाही, तर उपचार आणि आधार द्यायचा आहे.

सासूबाईंचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि तसं त्यांना सांगा. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोळ्या आहेत. क्लोनाझेपामची सवय लागू शकते. म्हणूनच ती सहसा थोड्या आठवड्यांसाठी देतात आणि हळूहळू कमी करतात. ती कधी कमी करायची, हे डॉक्टरांना विचाराच. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. एस्सिटालोप्रामचं व्यसन लागत नाही. ती घेण्यासाठी जीव तळमळत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. पण तीही अचानक सोडली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटणं, असा त्रास होतो. लोकांना वाटतं ‘बघा, सवय लागलीच’. शरीर औषधाला सरावलेलं असतं, म्हणून पायरीपायरीने उतरायचं. पूर्ण बरं वाटल्यावरही पुढे निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, कारण लवकर सोडलं तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. ज्यांना दोन-तीनदा झालाय, त्यांना जास्त काळ लागतो. म्हणजे आत्ताचा हिशेब महिनाभराचा नाही, वर्षाच्या आसपासचा धरा. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत न्या. मुलाच्या काळजीने बोलणाऱ्या आईला बाहेर बसवलं की ती घरी येऊन विरोधात जाते. आत बसवलं की बहुतेक वेळा तीच गोळीची वेळ सांभाळते.

बोलायचं काय? कमी बोला. ‘सकारात्मक विचार कर’, ‘मनावर घे’, ‘लोकांची दुःखं बघ’ हे सगळं ते स्वतःला रोज पहाटे साडेतीनला सांगत असतात आणि जमत नाही म्हणून स्वतःलाच दोष देतात. मनावर घेण्याची जी शक्ती, तीच या आजारात गेलेली असते. त्यापेक्षा ‘मी इथे बसलेय’ एवढं पुरतं. माझ्या एका रुग्णाने बरा झाल्यावर सांगितलं होतं, की बायको पहाटे उठून न बोलता शेजारी भाजी निवडत बसायची, तेवढाच वेळ त्याला सुसह्य जायचा.

करायला लावायचं मात्र थोडं थोडं लावायचं, इच्छा होण्याची वाट न बघता. या आजारात आधी हातपाय हलतात, मग मन हलतं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे बोलण्याचे उपचार, त्यातला हा एक भाग आहे आणि मी तो सगळ्यांना सांगते. ‘फिरायला जाऊ या का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नको’ येणार. ‘कोथिंबीर संपलीय, चला, खालीच आहे’ असं म्हणा. पहिल्या आठवड्यात गेटपर्यंत आणि परत. मग नाक्यापर्यंत. जमलं तर कौतुकाचा गाजावाजा नको, नाही जमलं तर उद्या. उठायची वेळ एकच ठेवा, दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त होऊ देऊ नका. ऑफिस सुरू करताना एकदम सकाळच्या गर्दीची लोकल आणि खच्चून भरलेली मेट्रो नको. एखाद्या रविवारी तुम्ही दोघं घाटकोपरपर्यंत जा, मेट्रोत बसा, अंधेरीला उतरा, चहा प्या, परत या. जिथून ते दोनदा मागे फिरले, ती जागा आधी सोबतीने ओलांडू दे. नोकरी सोडणं, घर विकणं, गावी कायमचं जाणं, असे निर्णय आत्ता नकोत. आजाराच्या काळात घेतलेले असे निर्णय नंतर फार जड गेलेले मी पाहिलेत.

थोडी ताकद आली की मानसशास्त्रज्ञांकडे सत्रं सुरू करा. गोळ्या आणि बोलण्याचे उपचार दोन्ही मिळून जास्त टिकतं. खाजगीत ते परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, कूपर, जे. जे. इथे मानसोपचार विभाग आहेत. रांगेत वेळ जातो, पण केस पेपर काढला की उपचार फार कमी खर्चात होतात. विमा असेल तर पॉलिसी नीट बघा. इतर आजारांइतकाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा, असं तोच २०१७ चा कायदा सांगतो.

आणि ताई, तुमच्या सगळ्या पत्रात तुमच्या स्वतःच्या झोपेबद्दल एक अक्षर नाही. ते साडेतीनला उठतात म्हणजे तुम्हीही उठत असणार. आठवड्यातल्या दोन रात्री त्यांच्या भावाला किंवा सासूबाईंना जागरणाची जबाबदारी द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. माहेरच्या एका माणसाला खरं काय ते सांगून ठेवा.

डॉक्टरांची पुढची तारीख असेल तेव्हा कॅलेंडरचं पान सोबत न्या. नसेल लिहिलेलं तर आज रात्री बसून आठवेल तेवढं मागचं भरा, दोन पोळ्या कोणत्या तारखेपासून ते आधी. आत गेल्यावर ते ‘काहीच फरक नाही’ म्हणतील. म्हणू देत, त्यांचं बोलणं तोडू नका. त्यांचं संपलं की पान डॉक्टरांच्या समोर नाही, त्यांच्या समोर ठेवा.